जुनी सचित्र वृत्तपत्रे : इतिहास-संशोधनाचे एक नवे साधन

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण झाली की स्मरणिकेची तयारी सुरू होते आणि त्याबरोबर जुन्या कागदपत्रांची शोधाशोधही सुरू होते. स्थापनेच्या दिवसाचे छायाचित्र कोणाकडे आहे, त्यात उभी असलेली मंडळी कोण, पहिल्या सभेचे इतिवृत्त कोठे गेले, अशी विचारपूस घरोघरी होते. अवघ्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टींची ही अवस्था असेल, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या बाजारपेठांचा, व्यापाराचा आणि त्यात वावरणाऱ्या माणसांचा मागोवा कसा घ्यावा, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडच्या काळात हाती आले आहे. एकोणिसाव्या शतकातील सचित्र वृत्तपत्रांची पाने आता संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात. हे साधन कसे निर्माण झाले, त्यावर विश्वास किती ठेवावा आणि त्याचा उपयोग कसा करावा, याचा विचार करणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

सचित्र वृत्तपत्राचा जन्म

बातमी आणि चित्र यांची सांगड घालणारे पहिले यशस्वी साप्ताहिक म्हणजे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’. त्याचा पहिला अंक १४ मे १८४२ रोजी निघाला. सोळा पाने, बत्तीस चित्रे आणि किंमत सहा पेन्स. पहिल्याच अंकाच्या २६,००० प्रती खपल्या. त्याचा संस्थापक हर्बर्ट इन्ग्रॅम हा मोठा विद्वान नव्हता की नामांकित लेखकही नव्हता. तो नॉटिंगहॅम येथील छपाई व्यावसायिक आणि वृत्तपत्रविक्रेता होता. ज्या आठवड्याच्या अंकात चित्र असते त्या आठवड्यात प्रती अधिक खपतात, ही गोष्ट त्याने दुकानाच्या गल्ल्यावर बसून हेरली होती. गिऱ्हाइकाची नजर कोठे थांबते हे ओळखणाऱ्या व्यापाऱ्याने एका नव्या प्रकारच्या वृत्तपत्राला जन्म दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे तो पार्लमेंटचा सभासदही झाला. १८६० साली अमेरिकेतील मिशिगन सरोवरात ‘लेडी एल्गिन’ ही आगबोट बुडाली, त्या दुर्घटनेत त्याचा अंत झाला. त्याचे साप्ताहिक मात्र पुढे शंभरहून अधिक वर्षे चालले. १९७१ मध्ये ते मासिक झाले आणि २००३ मध्ये बंद पडले.

इन्ग्रॅमचे यश पाहून इतर देशांतही तशीच पत्रे निघाली. १८४३ मध्ये पॅरिस येथे ‘ल’इल्युस्ट्रासिआँ’ आणि लाइपझिग येथे ‘इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग’, १८५५ मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रँक लेस्लीचे साप्ताहिक, १८५७ मध्ये ‘हार्पर्स वीकली’ आणि १८६९ मध्ये पुन्हा लंडन येथे ‘द ग्राफिक’ अशी ही परंपरा वाढत गेली. ज्या काळात छायाचित्र थेट वृत्तपत्रात छापण्याची सोय नव्हती, त्या काळात जगातील घडामोडी सामान्य वाचकाला डोळ्यांनी दाखवण्याचे काम या पत्रांनी केले.

चित्र कसे तयार होत असे

या चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग करावयाचा असेल तर ती कशी तयार होत हे जाणून घेणे अगत्याचे आहे. कापडाचा व्यापारी ज्याप्रमाणे ताक्यावरच्या छापाबरोबरच भिंगाखाली ताणा-बाणाही पाहतो, त्याप्रमाणे अभ्यासकाने चित्राची घडण पाहिली पाहिजे.

प्रथम घटनास्थळी असलेला चित्रकार पेन्सिलीने कच्चे रेखाटन करी. ते टपालाने लंडनला जाई. कार्यालयात दुसराच चित्रकार ते रेखाटन बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर उलटे उतरवी. हे झाड लहान खोडाचे असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक छोटे ठोकळे एकमेकांना जोडावे लागत. मग ते ठोकळे सुटे करून निरनिराळ्या कोरकाऱ्यांच्या हाती देत. एक जण आकाश कोरी, दुसरा इमारती, तिसरा माणसे. सर्व तुकडे पुन्हा जोडले की चित्र छपाईला तयार होई. मोठ्या चित्रांत बारकाईने पाहिल्यास कधी कधी या जोडांच्या पांढुरक्या रेषा आजही दिसतात.

म्हणजे घटना आणि छापील चित्र यांच्यामध्ये तीन-चार माणसांचे हात असत. मूळ रेखाटनात राहून गेलेल्या जागा लंडनचा चित्रकार आपल्या समजुतीने भरी. ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नाही त्याने मुंबईच्या रस्त्यावरील पागोटे, बैलगाडी किंवा देवळाचे शिखर रेखाटले, तर त्यात अंदाजाचा भाग किती, हे तपासावेच लागते.

पहिल्याच अंकातील एक गोष्ट या बाबतीत उद्बोधक आहे. मे १८४२ च्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराला भीषण आग लागली. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्या आगीचे चित्र झळकले. प्रत्यक्षात तेथे त्या पत्राचा कोणी चित्रकार हजर नव्हता. ब्रिटिश म्युझियममधून हॅम्बुर्गचे एक जुने चित्र मिळवण्यात आले आणि त्यात ज्वाला, धूर व बघ्यांची गर्दी भरण्यात आली. या पत्राच्या उभारणीत सहभागी असलेल्या हेन्री व्हिझिटेली याने पुढे आपल्या आठवणींत ही हकीकत सांगितली आहे. शहराची ठेवण खरी आणि आगही खरी, तरीही ते चित्र आगीचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा ठरत नाही.

यावरून सगळी चित्रे खोटी असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. विल्यम सिम्प्सनसारखे चित्रकार स्वतः प्रवास करून, धोका पत्करून रेखाटने करीत. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा सिम्प्सन या पत्राचा खास चित्रकार म्हणून बरोबर होता. चित्राखालील ओळीत ‘आमच्या खास चित्रकाराच्या रेखाटनावरून’, ‘छायाचित्रावरून’ असा उल्लेख असतो, किंवा काहीच उल्लेख नसतो. या तीन प्रकारांना सारखेच वजन देता येत नाही.

पाने संगणकावर कशी आली

पूर्वी ही पत्रे पाहावयाची तर मोठ्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड बांधीव खंड उलटावे लागत. तेही सुरक्षित होतेच असे नाही. ब्रिटिश म्युझियमच्या वृत्तपत्रसंग्रहावर लंडनच्या कॉलिन्डेल भागात २० ऑक्टोबर १९४० रोजी बॉम्ब पडला. त्यात सुमारे ६,००० खंड नष्ट झाले आणि १५,००० खंडांची हानी झाली. त्यांतील काही प्रांतिक पत्रांचे ते अंक पुन्हा मिळाले नाहीत.

पुढे जागा वाचवण्यासाठी अनेक ग्रंथालयांनी पानांचे मायक्रोफिल्म केले आणि काहींनी मूळ अंक काढून टाकले. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर कोरीव रेषांचा बारकावा हरवतो, रंग तर उरतच नाही. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८५५ च्या नाताळापासून रंगीत पुरवण्या छापल्या होत्या, त्या अशा फिल्मवर करड्या दिसतात. म्हणून संगणकावरील प्रत मूळ कागदावरून घेतलेली आहे की फिल्मवरून, हे पाहणे आवश्यक असते. तसेच बांधणी करताना जाहिरातींची वेष्टनपाने पुष्कळदा काढून टाकली जात. व्यापाराच्या अभ्यासकाला नेमकी तीच हवी असतात.

२०१० मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चे १८४२ ते २००३ पर्यंतचे सर्व अंक ‘गेल’ या प्रकाशनसंस्थेने संगणकीय रूपात उपलब्ध केले. तो संग्रह मुख्यतः विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून पाहता येतो. २०११ मध्ये ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ हा संग्रह खुला झाला. तेथे शोध विनामूल्य घेता येतो, बहुतेक पाने पाहण्यास वर्गणी लागते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ व ‘हाथीट्रस्ट’ येथे अनेक जुने खंड विनामूल्य आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ संग्रहात १८५७ पासूनचे ‘ल मोंद इल्युस्ट्रे’ वाचता येते. ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात तर संगणकाने चुकीची वाचलेली अक्षरे सामान्य वाचकांनी घरबसल्या दुरुस्त केली आहेत. आपल्याकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपल्या जुन्या ग्रंथांचे व नियतकालिकांचे संगणकीय दालन उघडले आहे.

रोजमेळ आणि खतावणी

या संग्रहांत शोध कसा घ्यावा, हे व्यापारी मंडळींना त्यांच्याच भाषेत सांगता येईल. पानाचे छायाचित्र हा रोजमेळ होय. त्या छायाचित्रावरून संगणकाने अक्षरे ओळखून तयार केलेला मजकूर ही खतावणी होय. शोधाचा शब्द टाकला की संगणक खतावणी पाहतो. खतावणीत नोंद चुकली वा गळली तर ती रक्कम सापडत नाही, पण रोजमेळात ती असतेच. पुसट शाई, मोडका खिळा, शेजारच्या रकान्यात घुसलेली ओळ यांमुळे संगणकाचे वाचन वारंवार चुकते. म्हणून ‘शोधले, मिळाले नाही’ म्हणजे ‘छापलेच नव्हते’ असे होत नाही. महत्त्वाच्या काळाचे अंक पान उलटून पाहण्यास पर्याय नाही.

दुसरी अडचण नावांची. त्या काळी ठाण्याचे इंग्रजी स्पेलिंग आजच्यासारखे नव्हते, त्याचा उच्चार ‘टॅना’सारखा होई. पुण्याच्या ‘पूना’पुढे कधी ‘एच’ लागे. भडोच ‘ब्रोच’ होते, कच्छ ‘कच’ होते आणि अमरावती ‘ऊमरावती’ होती. अमरावतीच्या या रूपावरूनच वऱ्हाडच्या कापसाला बाजारात ‘ऊमरा’ हे नाव पडले. याच्या उलट प्रकारही घडतो. ‘सुरत’ हा शब्द शोधला तर शहराऐवजी कापसाचे भाव समोर येतात, कारण लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानातून आलेल्या सर्वच कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. म्हणून शोध घेण्यापूर्वी जुन्या स्पेलिंगांची यादी करून ठेवावी. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटिअर या कामी उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट तारखेची. चित्र छापल्याची तारीख ही घटनेची तारीख नव्हे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वीही टपाल सुएझमार्गेच, पण मध्ये जमिनीवरून जाई आणि मुंबईहून लंडनला पोचण्यास साधारण महिना लागे. मे १८५७ मधील मीरतच्या उठावाची बातमी लंडनला जूनअखेरीस पोचली. त्यावर कोरकामाचा वेळ धरला तर चित्र घटनेच्या दीड-दोन महिने मागे असते. पुढे तारायंत्र आले, बातमी लवकर पोचू लागली, पण रेखाटन बोटीनेच जात राहिले. बातमी आणि चित्र यांतील हे अंतर ध्यानात न घेतल्यास कालगणना चुकते.

चौथी सूचना चित्र सुटे करून न पाहण्याची. जुने खंड फाडून त्यांतील चित्रे चौकटीत घालून विकण्याचा व्यवसाय जगभर चालतो. ती आकर्षक दिसावीत म्हणून पुष्कळदा नंतर हाताने रंगवलेली असतात. असे चित्र दिवाणखान्याला शोभा देते, पण अंकाची तारीख, पृष्ठ आणि सोबतचा मजकूर हरवल्याने त्याचे पुरावा म्हणून मोल फार उरत नाही. संगणकावरून चित्र उतरवून घेतानाही पत्राचे नाव, तारीख व पृष्ठक्रमांक त्याच वेळी लिहून ठेवावा. छापावयाचे असल्यास त्या संग्रहाच्या अटी आधी वाचाव्यात.

एका अंकाने इतिहास मागे नेला

या पत्रांचे महत्त्व किती, हे भारतीयांना विशेष जिव्हाळ्याच्या एका उदाहरणावरून दिसेल. १९२१ पासून दयाराम सहानी यांनी हडप्पा येथे आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी अनोळखी लिपीतील मुद्रा सापडल्या. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली ती ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या २० सप्टेंबर १९२४ च्या अंकात, भरपूर छायाचित्रांसह. तोवर वृत्तपत्रांत छायाचित्रे थेट छापली जाऊ लागली होती आणि त्या वेळचे संपादक, हर्बर्ट इन्ग्रॅमचे नातू ब्रूस इन्ग्रॅम, यांना पुरातत्त्वाची विशेष आवड होती.

ही संस्कृती नेमकी किती जुनी, हे तेव्हा ठरलेले नव्हते. पुढच्याच आठवड्यात, २७ सप्टेंबरच्या अंकात, प्राध्यापक सेस यांनी त्या मुद्रांचे इराणमधील सूसा येथील प्राचीन लेखांशी साम्य दाखवले. ४ ऑक्टोबरच्या अंकात ब्रिटिश म्युझियमचे गॅड व सिडनी स्मिथ यांनी सुमेरच्या अवशेषांशी तुलना मांडली. दोन आठवड्यांत भारताच्या प्राचीन इतिहासाची मर्यादा ख्रिस्तपूर्व तिसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जाण्याचा मार्ग मोकळा झाला. छायाचित्रे छापली नसती तर हजारो मैलांवरील विद्वानांना ते साम्य दिसले नसते. हे तिन्ही अंक आज एका बैठकीत ओळीने वाचता येतात. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात संपणारी गोष्ट प्रत्यक्षात कशी उलगडत गेली, हे त्यातून कळते.

कापसाची तेजी : तीन देश, तीन पत्रे

आता व्यापाराशी निगडित असे एक उदाहरण. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडला जाणारा अमेरिकन कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. १८६२ च्या अखेरीस तेथील सुमारे पाच लाख लोक मदतीवर जगत होते. हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला एरवी नाके मुरडणारे गिरणीवाले आता त्याच कापसाची वाट पाहू लागले.

१८६२ चे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ उघडले तर एकीकडे मँचेस्टरमधील अन्नवाटपाची दृश्ये दिसतात आणि त्याच वर्षी मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेच्या अखेरच्या स्थानकात इंग्लंडला जाण्यासाठी पडून असलेल्या कापसाच्या गाठींचे चित्रही दिसते. त्याच काळातील ‘हार्पर्स वीकली’मध्ये युद्धाची चित्रे आहेत. त्यांपैकी काही विन्स्लो होमर या पुढे विख्यात झालेल्या चित्रकाराची आहेत. रणांगण, उपाशी विणकर आणि मुंबईच्या गाठी या तिन्ही टोकांना बांधणारा धागा एकच आहे. पूर्वी ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहणे फार थोड्या विद्वानांना शक्य होते. आज जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थीही ते करू शकतो.

मुंबईत तेजीचा पैसा आला तसा सट्टाही आला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांच्या भागांवर लोकांच्या उड्या पडल्या. या काळाचे प्रमुख नाव म्हणजे सुरतेहून आलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची फेड करण्याचा दिवस उजाडला तेव्हा मुंबईतील भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांच्या देणगीतून उभारलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा मात्र राहिला. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार त्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता, तो त्यांना घंटेच्या आवाजावरून पाळता यावा म्हणून हा मनोरा बांधला, अशी कथा समाजात श्रद्धेने सांगितली जाते. कथा हृद्य आहे. तरीही तिचा उगम केव्हाचा, मनोरा पूर्ण झाला त्या काळच्या पत्रांत व विद्यापीठाच्या कागदांत ती आढळते की पुढे रूढ झाली, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे. असा तपास केल्याने मातृभक्तीला किंवा दातृत्वाला उणेपणा येत नाही.

जे चित्रात आले नाही

येथे एका गंभीर मर्यादेचा उल्लेख करणे भाग आहे. कापसाच्या तेजीची ही चित्रे लंडनच्या वाचकासाठी काढलेली होती. त्यात बंदर आहे, रेल्वे आहे, गाठी आहेत. खानदेशातील वा वऱ्हाडातील ज्या शेतकऱ्याने कापूस पिकवला आणि ज्या गावच्या दुकानदाराने त्याला उधारी दिली, त्यांची बाजू तेथे क्वचितच येते. तेजी ओसरल्यावर काय झाले, हे तर गावोगावच्या कागदांतच शोधावे लागते.

तेजीच्या वर्षांत दख्खनमध्ये कर्ज सहज मिळत होते. भाव पडल्यावर कर्ज देणारे हात आखडले, सरकारी साऱ्याची फेरआकारणी झाली, जुनी बाकी व्याजासह वाढत गेली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पाहता पाहता हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. रोष मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकारांवर होता आणि बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती : खतपत्रे आणि वह्या बाहेर काढा. त्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. सरकारी सारा हे रयतेच्या संतापाचे कारण नव्हे, दोष सावकारांचा, असा त्यात निर्वाळा होता. १८७९ मध्ये रयतेच्या संरक्षणाचा कायदा झाला.

या घटनेबद्दल सरकारचे म्हणणे अहवालात छापलेले आहे. रयतेच्या काही जबान्या त्याच अहवालाच्या कामात नोंदल्या गेल्या. सावकाराचा रोजचा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालत होता, कोणाला कोणत्या दराने दिले, किती वसूल झाले, दुष्काळात किती सोडले, याचा साक्षीदार एकच होता. तो म्हणजे त्याच्या वह्या. सुप्याच्या आसपास त्या जळाल्या. इतर शेकडो गावांतील वह्या तेव्हा वाचल्या, पण त्यानंतर माळ्यावर वाळवीच्या तोंडी गेल्या, घर पाडताना रद्दीत गेल्या किंवा दिवाळीच्या साफसफाईत नदीत सोडल्या गेल्या. जे जमावाने केले नाही ते वारसांनी केले, असे खेदाने म्हणावे लागते.

वह्या टिकल्या तर त्या नेहमी आपल्या घराण्याच्या बाजूनेच बोलतील असे नाही. एखाद्या पानावर औदार्य दिसेल, तर एखाद्या पानावर अन्यायाचे व्याजही दिसेल. दोन्हींची तयारी ठेवूनच इतिहासाकडे जावे लागते. जमेची बाजू तेवढी ठेवून नावेची बाजू फाडून टाकणाऱ्या वहीवर कोणताही हिशेब-तपासनीस सही करणार नाही.

कर्तव्य काय

लंडनच्या साप्ताहिकाची प्रत्येक ओळ आज बोटाच्या टोकावर आहे आणि महाराष्ट्रातील बाजारपेठेच्या गावाची शंभर वर्षांपूर्वीची वही मात्र वाचता येत नाही. अशा स्थितीत उद्याचा संशोधक जे सहज मिळते त्यावरच लिहील. संगणकावर जे नाही ते घडलेच नाही, असा समज हळूहळू दृढ होईल. हा धोका टाळणे मोठ्या संस्थांच्याच हाती आहे असे नाही. छोटी संस्थाही पुढील गोष्टी करू शकते.

पहिली गोष्ट, घरोघरच्या जुन्या वह्या, पत्रव्यवहार, निमंत्रणपत्रिका, मासिकांचे अंक व छायाचित्रे यांची यादी करावी. वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी, यादी मात्र संस्थेत असावी.

दुसरी, पाने टिपताना बांधणी उसवू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे आवरण तापवून चढवू नये. वही सपाट ठेवून, सारख्या उजेडात, कोरी पानेही न वगळता क्रमाने व रंगीत टिपावी. आज निरुपयोगी वाटणारा शाईचा रंग उद्या महत्त्वाचा ठरू शकतो. मायक्रोफिल्मच्या काळात झालेली चूक पुन्हा होऊ नये.

तिसरी, लिपी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांना या कामात बसवावे. मोडी, महाजनी आणि जुनी गुजराती वळणे वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद शंभर वर्षे टिकेल, पण तो वाचणारा नसेल तर त्याचा उपयोग काय? त्यांच्याजवळ एकेक तरुण बसला तर वाचनाची विद्याही पुढे जाईल.

चौथी, तारखांचा मेळ घालावा. दिवाळीपासून सुरू होणाऱ्या वहीतील संवत १९२१ म्हणजे १८६४ च्या दिवाळीपासून १८६५ च्या दिवाळीपर्यंतचा काळ. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या त्या जुलै १८६५ चा धक्का आपल्या तालुक्याच्या पेठेत केव्हा पोचला, हे त्या संवताची वही आणि त्या महिन्यांची वृत्तपत्रे शेजारी ठेवल्यास कळू शकेल. सचित्र वृत्तपत्रांच्या संगणकीय संग्रहाचा खरा लाभ अशा वेळी होतो. दूरचे चित्र आणि घरची नोंद एकमेकांना तपासतात.

पाचवी आणि शेवटची, प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. संगणकावर ठेवले म्हणजे अमर झाले, हा भ्रम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकयंत्रणेवर हल्ला होऊन तिच्या अनेक सेवा महिनोन्‌महिने विस्कळीत झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवरही हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होते. म्हणून एक प्रत संस्थेत, एक प्रत दुसऱ्या गावी आणि एक एखाद्या मोठ्या ग्रंथालयात असावी. मूळ वही तर कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नये.

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने अनेक योजना मांडल्या जातात आणि त्यांना निधीही मिळतो. या कामाला वास्तूइतका निधी लागत नाही. लागतो तो वेळ, चिकाटी आणि माळ्यावरची पेटी उतरवण्याची इच्छा. येत्या दिवाळीच्या साफसफाईपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक पेटी उघडून तिच्यातील कागदांची यादी संस्थेकडे द्यावी, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पूर्ण होते.